मुळ्याचं वाळवण

बी लेंगने खंडेराव मार्केटमधून सात मुळे आणले,
पाला तिथेच गाईला घालून आली.
अगं, पाल्याची भाजी होते, मी म्हटलं.
ती हसली. तिला मराठी येत नाही,
मला तिचं काही येत नाही,
आणि आमच्यातला दुभाषी
दार लावून ऑफिसच्या कॉलवर.

मुळे बारीक चिरून, मीठ चोळून
उत्तरायणाच्या आदल्या दिवशी गच्चीवर घातले.
चहूकडे भोंगे, फिरक्या, काप्यो छे,
आणि ही पाटावर बसून
मुळ्यांवरचे कावळे हाकलतेय.
एक कापलेला जांभळा पतंग नेमका मिठात पडला.
झटकून, शेजारच्या पोराला देऊन टाकला.

चाय पो, ती म्हणाली.
मी आधण ठेवलं.
चहा नव्हे. मुळ्याचंच नाव ते.

पिठी आमचीच, मोदकाची,
पण ही ताकासारखी पातळ कालवते.
साचे नाहीत, म्हणून माळ्यावरून वाणाच्या वाट्या काढल्या,
तीस संक्रांतींच्या,
एका मापाच्या दोन नाहीत.

पहिला घाणा सपाट आला.
ओट्याशी उभ्यानेच एक खाल्लं, फोनवर कुणाला दाखवलं,
पलीकडून एक म्हातारा आवाज
बराच वेळ रागावला.
त्याला दुभाषी लागला नाही.

मग तिने रिकाम्या वाट्याच आधी वाफेवर तापवल्या.
झाकण काढलं तर प्रत्येकीत मधोमध खळगा,
खळग्यात चमचाभर पाणी.

माझ्या मोदकांना पाणी सुटलं की
सासूबाई माझ्या हातांकडे बघायच्या.
च्वी, ती म्हणाली, खळग्यावर बोट ठेवून.
पाणी, मी म्हटलं.
पानी, ती म्हणाली.
च्वी.

लसणावर मुळा परतला तेव्हा
आतलं दार उघडलं: काय जळतंय?
दोघींनीही उत्तर दिलं नाही.

एकाच्या कडेला वाटीवरचे ठिपके उमटले होते:
सौ. नलिनी मो—
पंच्याण्णव सालच्या मोहिते. आता कुठे असतात, कोण जाणे.
ते मी खाल्लं.

हंसाबेनची वाटी उंधियूची, परवापासून आमच्याकडेच.
रिकामी कशी परत करायची?
दारातच घास घेऊन म्हणाल्या, आ तो मोळां ढोकळां.
बी लेंग माझ्याकडे बघायला लागली.

मुळा तळाशी राहिलाय, मी म्हटलं,
खालपर्यंत खा.