दहा मिनिटांचा वायदा

दूरच्या यंत्राला हात लावण्याआधी
आम्ही त्याला सांगून ठेवतो:
दहा मिनिटांत माझा आवाज आला नाही
तर आपला आपण झोप, आपला आपण ऊठ,
आणि काल होतास तसा हो.

आज विसरले.
रूवीतला चौथा मजला, पहाटेचे तीन-दहा,
एसीखाली गार पडलेली सुलेमानी,
आणि एक ओळ. एंटर.
दुक्मच्या गोदामातला राउटर
ज्या दारातून मी आत शिरले होते
तेच दार लावून बसला. आतून.
बसल्या फांदीवर कुऱ्हाड म्हणतात ती हीच;
फांदी फक्त साडेपाचशे किलोमीटर लांब.

पिंग. उत्तर नाही.
पिंग. उत्तर नाही.
नकाशावरचा हिरवा ठिपका तांबडा झाला
आणि रोडेलनं न बोलता
आपली खुर्ची माझ्याकडे वळवली.

पाचला ट्रक लागणार.
तिथं या वेळी माणूस एकच:
शहदाद, मकरानकडचा, गेटवरचा.
फोन लागला. मागे वारा,
कुठलासा पत्रा वाजत होता.

"मॅडम, इधर तो बहुत बत्ती है."
किती? कुठल्या रंगाच्या?
"सब नाचता है. एक नहीं नाचता."
तोच. तोच. त्याच्या मागे बघा, काळी वायर.
निळी नाही. निळीला हात नका लावू.
मी डोळे मिटले होते, का कोण जाणे;
मिटल्यावर ते कपाट जास्त नीट दिसत होतं,
तीन वर्षं रोज ज्याची नाडी धरली
आणि कधी पाहिलं नाही ते.

"निकाला."
आता तीस मोजा, मग लावा.

यक, दो, सै, चार...
मोठ्यानं, सावकाश,
लपंडावात राज्य आलेल्या पोरानं
भिंतीला कपाळ टेकून मोजावं तसा.
तिसाच्या पुढेही दोन मोजले, खात्रीला.

चार मिनिटं.
मग पडद्यावर उत्तर, बावीस मिलिसेकंदांत.
पूर्वीचाच. माझं काहीच न आठवणारा.

"चालू हुआ? मैं जाऊँ? गेट खुला पड़ा है."

अहवालात कारण लिहिलं: मानवी चूक.
'दुरुस्ती कोणी केली'च्या चौकटीत
यादीतलंच नाव निवडावं लागतं.
यादीत रोडेल आहे, मी आहे,
कधीच सोडून गेलेला कुणी विन्सेंट आहे.

चौकट रिकामी ठेवली.
सिस्टीम म्हणते, हे भरल्याशिवाय
पुढे जाता येणार नाही.

साडेसहा झाले.
गेले नाही.