विळीला धार

शरणपूरची उपासना सुटल्यावर
कृपानंद थेट माझ्या स्वयंपाकघरात आला,
चपला बाहेर, शास्त्र काखेत,
आणि शेगडीवरच्या पातेल्याकडे न बघता म्हणाला,
"वहिनी, मटण खाणं पाप आहे. लिहिलेलंय."

बावीस वर्षं भद्रकालीच्या गाळ्यावर
सुरा घेऊन उभा राहिलेला माणूस.
त्याच्या हातचा खिमा म्हणजे
आमच्या अख्ख्या आळीचा नाताळ.
मी गॅस बारीक केला. म्हटलं, दाखव.

त्यानं अगदी पहिली पानं उघडली.
बागेत तेव्हा बी आणि फळ एवढंच होतं खायला,
सिंह पाला चघळत होता,
आदामाच्या दाढेखाली हाड आलं नव्हतं.
म्हटलं, पुढे वाच. पाणी ओसरू दे.
नोहा तारवातून उतरला
आणि देवानं हलतंचालतं सगळंच त्याच्या ताटात वाढलं.
"रक्त सोडून," तो म्हणाला.
"रक्त सोडून," मी म्हणाले. "ते तूच तर निथळून द्यायचास."

दानीएल डाळदाण्यावर टवटवीत राहिला, हे त्याचं.
तो राजाच्या ताटाला नाही म्हणाला, बकऱ्याला नव्हे, हे माझं.
पेत्राच्या गच्चीवर आभाळातून चादर उतरली,
चार कोपरे धरलेली, आत सगळी जनावरं. हेही माझंच.
"ती चादर माणसांबद्दल होती, वहिनी."
इथे मात्र मी गप्प झाले.
रविवारच्या शाळेत चाळीस वर्षं
पोरांना मी तेच शिकवत आले होते.

मग मी तळ्याकाठचा विस्तव काढला.
मरणातून उठून आलेला प्रभू
पहाटे मासे भाजत बसलेला.
गंगापूर धरणावरच्या कोळ्यांना विचार म्हटलं,
ओल्या सरपणावर मासा भाजताना
डोळ्यांत किती धूर जातो.
कृपानंद काही बोलला नाही.
जिंकले मी.

आणि त्याच झटक्यात पान उलटलं,
तर पौल वाटेत आडवा बसलेला:
खायला मोकळीक आहे, बाई,
पण तुझ्या घासाला ठेचकाळून भाऊ पडत असेल
तर घास खाली ठेव.
हे पान मला पाठ होतं.
आज कळलं, त्यालाही मी पाठ होते.

"कृपा, झालं काय?"

आखाडातला शेवटचा रविवार. रांग पार दूधबाजारापर्यंत.
माल संपत आला, तेव्हा मालकानं एक शेळी पुढे ढकलली.
चालतंय, म्हणाला.
"पोट उघडलं, वहिनी.
आत दोन होती.
एकाचे खूर मेणासारखे. बोट रुतेल असे."
सुरा धुऊन त्यानं खुंटीला लावला.
तेव्हापासून शास्त्रात शोधतोय.

मी चष्मा पुसला.
पुस्तक माझ्याकडे ओढलं, आणि ह्या खेपेला
त्याच्यासाठी शोधू लागले.
नियमांच्या दाट रानात, जिथे पाळकही फिरकत नाहीत,
एक ओळ आहे, बोटभर:
आई आणि तिचं पिलू
एकाच दिवशी कापू नका.

त्यानं ती दोनदा वाचली, ओठ हलवत.
"हे मटणाविरुद्ध नाही."
"नाही."
"मग?"
"त्या दिवशीचं आहे."

पातेलं मी शेजारी तबिथाकडे पाठवलं.
एक वाटी मागे ठेवली, खोटं कशाला बोलू.
ती रात्री खाल्ली. चवीनं खाल्ली.

पण दुपारी तो म्हणाला, "विळी बोथट झालीय तुमची,"
आणि मागच्या दाराच्या पायरीवर पाणी शिंपडून
बसला घासत.
सवयीनं धार अंगठ्यावर पाहिली,
सवयीनंच मान हलवली,
मग मखमलाबादची मेथीची जुडी ओढली पुढ्यात
आणि देठाला हात लावण्याआधी
जरासा थांबला.