सहाव्या ठोक्यानंतर

केतकीच्या पडद्यावर आधी नुसतं एक मांजर होतं.
मग तिनं मांजराच्या हातात हातोडी दिली
आणि समोर एक हंडा,
पोटाशी जरा वाकडा,
कारण माउसनं गोल काढणं म्हणजे
ओल्या साबणावर सही करणं.

"बाबा, ही तात्यांची गोष्ट आहे."

मी अंबडहून सेकंड शिफ्ट करून आलेलो,
बोटांना कूलंटचा वास,
डोक्यात अजून मशीनचे आकडे:
इतकं पुढे जा, इतकं खाली ये, थांब.
तिच्या रंगीत ठोकळ्यांतही तेच होतं:
हिरव्या झेंड्यावर टिचकी मारली की
हातोडी खाली
हातोडी वर
पुन्हा कर, दहा वेळा.

दहाच का?
"त्यात आधीपासून दहाच लिहिलेलं असतं."

आवाज मात्र खरा होता.
भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर
फोन धरून उभी राहिली होती म्हणे.
ठोक्यांच्या मध्ये स्कूटरचा हॉर्न आलाय,
आणि कोणीतरी बाई विचारतेय, कल्हई कितीला?
तेही तिनं ठेवलंय.

तात्यांनी पाहिलं.
चाळीस वर्षं हंडे मठारून
त्यांचे कान कधीच तांब्याचे झालेत.
"छान," म्हणाले,
पाहुण्यांकडच्या बेचव चहाला म्हणतात तसं.
केतकी नऊ वर्षांची आहे.
तिला कळलं.

रविवारभर खटपट चालली.
आवाजाचा ठोकळा तसाच राहू दिला,
ज्यांना कान आहेत त्यांच्यासाठी,
आणि शेजारी दुसरा जोडला:
ठोका पडला की पडदा पिवळा,
हातोडी उचलली की काळा.
पिवळा. काळा. पिवळा. काळा.
तात्यांच्या चेहऱ्यावर उजेड उघडझाप करत होता
आणि त्यांचा उजवा हात मांडीवर
आपोआप चालू झाला.

मग थांबला.

"चुकलं!"
केवढ्यानं ओरडले. खालच्या मजल्यावरच्या पोटफोडेकाकूंनी
दार उघडून पाहिलं.
"दहा नाही, सहा.
सहा ठोके, मग हंडा फिरवायचा, अंगठ्याएवढा.
एका जागी दहा दिलेस तर पत्रा पातळ होतो, फाटतो.
माझा बाप सातव्याला कानाखाली द्यायचा."

मी सेहेचाळीस वर्षांचा.
हे मला माहीत नव्हतं.
त्या खरवईसमोर बसावं लागू नये म्हणूनच तर
सातपूरला आयटीआय केलं, टर्नर झालो,
आणि विचारायचं राहून गेलं, म्हणजे
विचारलं नाही.

तिनं दहा खोडून सहा केलं.
खाली नवा ठोकळा: फिर, पंधरा अंश.
"अंश काय असतो?" तात्या म्हणाले. "अंगठा लिही."
मग तिनं एक डबी बनवली,
डबीला नाव दिलं अंगठा,
आणि आत पंधरा ठेवले.

बटण होतं कोपऱ्यात: सर्वांना दाखवा.
ते दाबेपर्यंत गोष्ट घरातली.
तिनं तात्यांच्या हातावर लिहून सांगितलं,
आता कोणीही बघेल.
"कोणीही?"
तात्या विचारात पडले.
"मग ते कानाखालीचं नको टाकू."
आणि बोट पायजम्याला पुसून
बटण दाबलं,
गरज नसताना जोरात.

आठ दिवस काही नाही.
एकवीस जणांनी पाहिली, त्यातला
चार वेळा मीच, कंपनीच्या कँटीनमधून.

मग सिन्नरच्या कोणा मुलानं गोष्ट उचलली
आणि तिच्यात फेरफार करून परत मांडली.
मांजर गेलं. हंडा गेला.
आता एक बाई परातीत भाकरी थापतेय,
थप थप थप, सहा वेळा,
मग भाकरी जराशी फिरते.
केतकीनं आत उघडून पाहिलं.
बाकी सगळं बदललेलं.
डबी तशीच. अंगठा. पंधरा.

तात्यांना दाखवलं.
पिवळा, काळा, पिवळा.
बराच वेळ बघत बसले,
मग मोठ्यानं विचारलं,
"फाटली का?"
तिनं मान हलवली, नाही.