निळा डाग

पाइनच्या ओल्या फळीवर निळी बुरशी चढायची.
लाकूड कुजत नसे, ताकद तेवढीच,
बिघडायचा तो फक्त रंग.
पण परदेशचा व्यापारी निळी फळी परत धाडायचा,
म्हणून लेहतोनिएमीच्या आरागिरणीत
सिमेंटचा एक हौद होता
आणि हौदाशी माझी आई.

हिल्का, वय एकोणीस.
हातमोजे दिलेले होते, पण ओल्या मोज्यातून फळी निसटते,
म्हणून ते खिळ्याला टांगलेले.
बुडव, निथळू दे, पुढची.
बुडव, निथळू दे, पुढची.
मुकादम तौनो त्या पाण्याला ‘औषध’ म्हणायचा.
क्लोरोफेनॉल हा शब्द गावात आला
हौद बुजवल्यानंतर वीस वर्षांनी,
विहिरीच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदातून.

शनिवारी सॉनात तिला घाम फुटला
की त्याला औषधाचा वास यायचा.
मला वाटायचं, आयांना असाच वास असतो.

आता त्याच कुंपणाच्या आत मी मातीचे ढीग रचते.
पाइनची साल, गव्हाचा पेंढा,
आणि पोत्यांत वाढवून आणलेली पांढरी बुरशी,
जी रानात पडल्या खोडाचं काळीज पोखरते.
तिची विकरं फारशी चोखंदळ नाहीत.
लाकडातली चिवट कडी तोडायला शिकलेली,
विषात तशीच कडी दिसली की तीही तोडतात.
जिला मारायला हे सगळं ओतलं
तिच्याच गोतातलीला आवतण देऊन आणलंय
ओतलेलं निस्तरायला.
आली बिचारी. मान-अपमान काही नाही.

पहिल्या वर्षी मेली.
प्रयोगशाळेत लाडावलेली पोर ती,
इथल्या रांगड्या जिवाणूंनी आठवड्यात फस्त केली.
वर मी पाणी जास्त घातलेलं.
ढिगाला गटाराचा वास, आणि वेईयो, माझा साहेब,
नाकाला रुमाल लावून म्हणाला, साल वाढव.
साल वाढवली.

दुसऱ्या जानेवारीत बाहेर उणे चोवीस.
ढिगात खुपसलेली सळई सांगत होती, अधिक तेवीस.
ताडपत्रीच्या फटीतून वाफ,
आणि फटीला पाठ लावून झोपलेला एक पांढरा ससा.
त्याला उठवायला नको म्हणून
त्या दिवशीचा नमुना मी दुसऱ्या बाजूने घेतला.

बाराशे. सातशे चाळीस. तीनशे दहा.
दोनशे नव्वद.
दोनशे नव्वद.
मग आकडा हललाच नाही.
उरलेलं विष मातीला असं बिलगून बसलंय
की बुरशीच्याही हाती लागत नाही.
अहवालात याला ‘बद्ध’ म्हणतात
आणि फाईल पुढे सरकते.

एप्रिलमध्ये आई आली, वॉकर चिखलात रुतवत.
मी मोजे पुढे केले. तिने ते खिशात ठेवले
आणि उघडा हात मनगटापर्यंत ढिगात घातला.
‘ऊब आहे,’ म्हणाली.
मग एक ढेकूळ फोडून आतली पांढरी जाळी बघत,
‘विलीवर धरते तशी.’
आमच्याकडे दुधाला विरजण लावताना
आदल्या वाटीतलं चमचाभर राखून ठेवतात,
आणि सकाळी वर मखमली बुरशीची साय येते.
ती वाटी आईने साठ वर्षं मोडू दिलेली नाही.

‘आणि माझ्यात बसलंय ते?’
तिने विचारलं, हात झटकत.
चेहऱ्यावर थट्टा होती की नव्हती, कळलं नाही.
मी ताडपत्री ओढून घेतली.
कोपऱ्यांवर दगड ठेवायचे होते, ते ठेवले.

परवा तुर्कूच्या एका झगमगीत दुकानात
भिंतीवर लावायची फळी दिसली.
पाइन, आरपार निळ्या रेघांची.
नैसर्गिक निळा डाग, अशी चिठ्ठी, किंमत दुप्पट.
घेऊन आले.

आईने ती मांडीवर आडवी धरली,
निळ्या रेघेवरून अंगठा शेवटापर्यंत नेला,
खिडकीच्या उजेडात तिरकी करून पाहिली,
गिरणीत पाहायची तशी,
आणि म्हणाली,
‘ही परत आली असती.’