अकरा महिने

तांबवेकर साहेबांनी फाईल उघडलीच नाही.
"तुम्ही मुलं टिकत नाही हो," म्हणाले,
"वर्षभरात कंटाळता.
आमच्या वेळी एकदा चिकटलो की चिकटलो."

माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड,
खाली कुणाचा तरी बायोडेटा, चार घड्या घालून.
मी हलले नाही.

सांगायचं होतं,
धनकवडीतल्या खोलीत चार वर्षं
त्याच खाटेवर, त्याच करकरत्या पंख्याखाली झोपतेय;
भाडेकरार तेवढा दर अकरा महिन्यांनी नवा.
पण त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला
आणि नेमणुकीच्या अटींचा कागद.
त्यातही अकराच.
पुढचं, गरज वाटल्यास.

हडपसरच्या त्या गेटवर
खिलारे काकांनी रजिस्टर सरकवलं.
"जाण्याची वेळ टाका, ताई. झालं काम?"
"कळवतो म्हणाले."

त्यांच्या खिशावर एजन्सीची नवी पट्टी,
कडेनं जुन्या पट्टीच्या टाक्यांची भोकं.
"किती वर्षं झाली इथं?"
"एकोणीस."
मग टोपी काढून कपाळ पुसलं.
"अकरा-अकरा महिन्यांनी."

मी लिहिलं, बारा वाजून दहा.
पेन नीट उमटेना,
दोनदा गिरवावं लागलं.