कुर्लीचं बीळ

कुंभारजुव्याला, मानशीच्या बांधापासून दोन घरं आत,
मी लिस्पमध्ये भरती-ओहोटीचा हिशोब मांडून बसलोय.
फंक्शनला पहिली हाक मारली की खरं बोलतं,
दुसऱ्या हाकेला जरा अडखळतं,
तिसरीला सांगतं, ऐन भरतीत दार उघडा.
फाईल पुन्हा लोड केली की परत शहाणं.

कंस मोजले. सतरा उघडणारे, सतरा मिटणारे.
ट्रेस लावला. आत जाणारे आकडे गोडे,
बाहेर येणारे खारट.

इनास आला, गुडघ्यापर्यंत चिखल.
टॉर्च कीबोर्डाशेजारी ठेवली,
पडद्यावरचे कंस बराच वेळ पाहिले.
"दार सगळेच पळयतात," म्हणाला,
"कुर्ली बांदाक बुराक करता."

मग उतरलो बांधावर. ओळ, ओळ, ओळ.
आणि अकराव्या ओळीत ती:
अवतरणचिन्ह लावलेली इवलीशी यादी.
दर हाकेला नवी, असं मी धरून चाललेलो,
आणि बिनधास्त तिच्याच शेपटाला आकडे जोडत गेलेलो.
ती मात्र एकच होती पहिल्यापासून,
कालचं, परवाचं पाणी
पोटात धरून बसलेली.

चिन्ह पुसलं. दर हाकेला ताजी यादी.
तीनदा विचारलं, तीनदा उत्तर: चार वीस.

इनासला दाखवायला धावत गेलो
तर दार उघडं, खाजनातलं पाणी नदीकडे निघालेलं,
आणि माझ्या घड्याळात चार.
टोपलीत दोन कुर्ल्या.
"वीस मिनटांचें," तो म्हणाला, "मागीर पळोवया."