येथून

खैरसावळीच्या माळावरून खांब निघाला
तेव्हा तिमण्णाने आधी त्याला कडबा गुंडाळला,
त्यावर सरकीसकट कापूस, त्यावर घोंगड्या,
गाभण म्हैस न्यावी तसा.
(तिमण्णा हे नाव मीच दिलंय.
वडारांची नावं कुणी कोरत नाही.)

चौदा बैलजोड्या. मन्याडच्या वाळूत एक चाक मोडलं.
सुलतानाच्या दारोग्याला घाई :
कंधारच्या किल्ल्यात नवा हौद,
मधोमध काहीतरी उंच हवं होतं.
काय लिहिलंय, कुणी विचारलं नाही.
तिमण्णाला छिन्नी कळायची, अक्षर नाही.
अंगठा फिरवून म्हणाला असेल,
हात बरा होता कोरणाऱ्याचा,
शेवटच्या ओळीत घाई केली.

मी ओला कागद चढवतो, ब्रशने ठोकतो, शाई फिरवतो.
खांब उलटा रोवलाय,
मान वाकडी करून वाचावं लागतं :
येथून ओढ्यापर्यंत,
ओढ्यापासून चिंचेपर्यंत
भुई देवीच्या दिव्याला दिली.
जो मोडील त्याच्या
पुढे शिवी आहे, गाढवासकट.

येथून.
मी मागे वळून बघतो.
कोरडा हौद, तटावर एक शेळी,
वेफर्सचं पाकीट.
कुठला ओढा?

परवा खैरसावळीला जाऊन आलो.
माळावर कंबरभर खड्डा,
त्यात बोरीचं झुडूप.
सटवाजी नांगर थांबवून म्हणाले,
ह्यालाच खांब म्हंतेत आमच्यात.
खांबापसून वढ्यापस्तोर
आमचंच रान हाय.